मोहाखालची काडी

१९८२ सालचा चैत्र. सिहोऱ्यापलीकडच्या त्या लहान गावात धुरपताचं नाव लोक जरा चिडूनच घेत. अठरा वर्षांची पोर, मॅट्रिक झालेली, आणि मोहाखालचा पाला जाळू नका म्हणून घरोघरी सांगत फिरायची. जमीन स्वच्छ झाली की फुलं वेचायला सोपी जातात, म्हणून बाया दरवर्षी झाडाखाली काडी लावत. तीच आग पसरून टेकडीवरचं जंगल दरसाल थोडं थोडं खात होती. टेकडी उघडी पडली, तलावात गाळ येऊ लागला, धानाला शेवटचं पाणी पुरेना. म्हणून धुरपता, तिचा चुलतभाऊ इश्वर आणि आणखी पाच जण महिनाभर रोज सकाळी मोहाखालची जमीन झाडून देत होते.

त्या दुपारी इश्वर धावत आला. "धुरपता, टेकडीले आग लागली!"

पायथ्याशी सत्यभामाबाई उभी होती. सत्तरीची, एकटी राहणारी. हातात रिकामी टोपली होती. "तुमी आज आलेच नाई. माही कंबर वाकत नाई पोरी. म्या काडी लावली, अन् वारा सुटला."

खरंच होतं ते. सकाळी सातही जण गावातल्या गोपीचंदच्या लग्नाचा मांडव घालायला गेले होते.

पळसाच्या ओल्या फांद्या तोडून पोरं आगीवर झोडपू लागली. एका जागी विझे, दहा हातांवर पुन्हा पेटे. वारा पश्चिमेकडे वाहत होता. तिकडे एक गाडीवाट, आणि वाटेपलीकडे बारा घरांची टोली. सगळी गवताच्या छपराची. वाटेवरही वाळला पाला पसरलेला होता.

"वाट झाडून काढा!" धुरपता ओरडली. मग तिनं सत्यभामाबाईपुढे हात केला. "आजी, काडीपेटी दे."

इश्वरनं तिचा दंड धरला. "येडी झाली का? महिनाभर लोकाईले सांगून राहिलो, काडी लावू नका. अन् आता आपणच?"

"वाटेच्या टेकडीकडच्या अंगानं लावाची. मोठी आग येईपर्यंत तिले खायले काहीच उरलं नाई पायजे."

तेंदूपत्त्याच्या हंगामात वनमजुरांना असं करताना तिनं एकदाच पाहिलं होतं. वारा फिरला तर टोली जळणार होती, आणि जाळणारी ती असणार होती.

पहिली काडी विझली. दुसरीनं पाला धरला, पण ज्वाळा उलट वाटेकडेच वाकल्या. एक ठिणगी वाट ओलांडून गेली. इश्वरनं ती हातानंच दाबली. टोलीतल्या बाया पोरं उचलून तलावाकडे पळत होत्या.

मोठी आग जवळ आली तशी त्या आगीनं हवा स्वतःकडे ओढली. लहान ज्वाळा थबकल्या, सरळ झाल्या आणि हळूहळू तिच्याकडे सरकू लागल्या. दोन्ही आगी भिडल्या तेव्हा केवढा तरी आवाज झाला. मग धूर, आणि खाली काळी जमीन.

टोली वाचली. टेकडीचा तिसरा हिस्सा गेला. इश्वरच्या उजव्या तळव्यावर फोड आले.

तासाभरानं जंगलखात्याचा नाकेदार परसराम सायकलवर आला. "कोनं लावली आग?"

लोकांच्या नजरा सत्यभामाबाईकडे वळल्या. म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"गाडीवाटेवरची म्या लावली," धुरपता म्हणाली. "लिवून घ्या."

"अन् पहिली?"

"आमी रोज झाडून देत होतो, आज नाई आलो. चूक आमची. तिचं नाव मी सांगनार नाई."

परसरामनं तिच्याकडे पाहिलं, इश्वरच्या हाताकडे पाहिलं. तरी धुरपताचं नाव त्यानं लिहिलंच. जबाबासाठी तिला दोनदा तुमसरला जावं लागलं. टोलीतली माणसं साक्षीला आली, तेव्हा प्रकरण मिटलं.

पुढच्या सालीही दोघा-तिघांनी लपून काडी लावलीच. पण सकाळी झाडू घेऊन निघणारे आता सात नव्हते, तेवीस होते. पाला जाळू नका म्हटलं की गावात सर्वांत जास्त कुरकुर करणारी सुलोचनाबाई त्यांच्यात पुढं होती.