तिन्ही रायफलींना चालेल अशी

"यातला एकच डबा इथं राहील. बाकीचे ग्लेन घेऊन जाईल," सॉल्वेग म्हणाली.

तिचे वडील ओर्विल गराजमधल्या उंच स्टुलावर बसून टेबलावरच्या चार डब्यांकडे बघत होते. चारही डब्यांत बंदुकीची बारूद होती. उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी साफ करायची, त्यांत मापून बारूद घालायची, वर नवी गोळी बसवायची, हे काम ते याच टेबलावर जन्मभर करत आले होते. मोंटानातल्या त्या गावात घरोघरी हे चाले. दुकानातून काडतुसं आणणं म्हणजे चर्चच्या जेवणाला विकतचा केक नेण्यासारखं होतं.

"तीन रायफली आणि बारूद एक," ओर्विल म्हणाले. "माझ्या थोरल्या रायफलीला सावकाश जळणारी लागते. तुझ्या आईच्या धाकटीला चटकन जळणारी. तुझ्या मधलीचे नखरे आणखी वेगळे."

"मग तिन्हींना चालेल अशी घे."

"चालेल की. चर्चच्या जेवणातल्या त्या बटाट्यांसारखी. नावं कुणी ठेवणार नाही, पण परत वाढूनही कुणी घेणार नाही."

सॉल्वेगला हसू आलं, पण तिनं हेका सोडला नाही.

टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, हा नियम ओर्विलचाच. अक्षरं गिरवायला लागण्याआधी तिनं तो ऐकला होता. गेल्या पंधरवड्यात मात्र मापात उरलेली बारूद त्यांनी भलत्याच डब्यात परत ओतली. दाणे दिसायला सारखेच. एकदा मिसळले की निवडता येत नाहीत, आणि तशी बारूद भरलेलं काडतूस रायफल फोडू शकतं, नेम धरणाऱ्याच्या तोंडाशी. त्यांनी तो डबा फेकून दिला आणि ती कामाला होती त्या शाळेच्या ग्रंथालयात तिला फोन करून सांगितलं, "आज माझा हात चुकला." घरात एकच बारूद असेल तर भलता डबा उरणारच नाही, हे तिला त्याच दिवशी सुचलं होतं.

शेजारचा ग्लेन दार न वाजवताच आत आला.

"काय रे, निवडणूक लागलीय वाटतं?"

"उमेदवार चार, मतदार एक," ओर्विल म्हणाले, "आणि निकाल पोरीनं आधीच लावलाय."

"एका बायकोबरोबर जन्म काढलास, एका डब्याबरोबर नाही निघणार?"

"ती निवडताना मी चार टेबलावर मांडल्या नव्हत्या."

"मांडल्या असत्या तर त्यातली एकही थांबली नसती. थोबाड बघितलंयस का स्वतःचं?"

ग्लेन गेला. ओर्विल एका डब्याचं झाकण बोटानं नुसतंच फिरवत राहिले.

"खरं सांग. माझी काडतुसं आता नकोशी वाटतात का तुला?"

"तसं नाही, डॅड. सोपं पडेल, एवढंच."

त्यांनी मान हलवली. मग दुसरा डबा पुढं ओढला आणि बाकीचे तीन स्वतःच उचलून दाराशी नेऊन ठेवले. त्यांच्या थोरल्या रायफलीला ती बारूद सगळ्यांत कमी मानवणारी होती. तिनं तसं म्हटलं, तर म्हणाले, "म्हातारी आहे ती. सांभाळून घेईल."

मग त्यांनी आधी तिच्या रायफलीची काडतुसं भरली. माप सांडू नये म्हणून कोपर टेबलाला टेकवून. गोळी बसवण्याआधी प्रत्येक नळकांड्यात त्यांनी बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. काहींत दोनदा पाहिलं.

"उद्या चर्चनंतर खडीच्या खाणीवर जाऊ. मारून बघ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते चर्चला आलेच नाहीत. ती घरी गेली तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीत होते. एका पायात बूट होता, दुसरा हातात. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले.

दफनानंतरच्या आठवड्यात ग्लेन हातोडीसारखं एक साधन घेऊन आला. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटलं की गोळी आणि बारूद सुटी होते. तिनं न विचारताच काडतुसांची पेटी पुढं केली. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस कुणी उडवत नाही, आणि भरणारा माणूस गेला की त्याची काडतुसं मोडून टाकतात, हे तिथं लहान मुलालाही कळतं.

"राग मानू नकोस," ग्लेन म्हणाला. "सख्ख्या भावाचीही मी उडवली नसती. ओर्विलनं माझी कधी उडवली नाहीत, मी त्याची नाही. दोघांनाही कधी वाईट वाटलं नाही."

"माहीत आहे."

त्यानं पहिलं काडतूस आपटलं, दाणे ताजव्याच्या ताटलीत ओतले, चष्मा वर करून काटा पाहिला. दुसरं. तिसरं. पुढं पुढं काटा कुठं थांबणार हे त्याला आधीच कळू लागलं, तरी तो तोलत मात्र राहिला.

"सगळी सारखी आहेत, पोरी. केसाचाही फरक नाही."

"तरी मोडायचीच?"

"मोडायचीच."

ती स्टुलाशेजारी उभी राहून प्रत्येक घाव ऐकत होती. वडिलांच्या काडतुसांपुरता तो नियम तिनं कधीच पाळला नव्हता; इतकी वर्षं दर हिवाळ्याच्या तोंडाशी ती रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकवत आली होती. त्यांनी कोंडलेली आग तिच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असायची, आणि ती बिनघोर चाप ओढायची. या पेटीतली काडतुसंही तिनं उडवली असती. हे टेबल बंद पडलं तर सकाळी उठून हा माणूस जाईल कुठं, या एकाच धास्तीनं तिनं एका डब्याचा हट्ट धरला होता. पण त्यांनी सरळ विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून निघालं ते 'सोपं पडेल'.

शेवटचं काडतूस मोडून झालं. ग्लेननं सगळी बारूद एका वाडग्यात जमवली आणि अंगणात पसरून टाकतो म्हणाला.

"मी टाकते," ती म्हणाली.

मागच्या अंगणात गवत वाळून पिवळं पडलं होतं. वारा पाठीशी घेऊन तिनं मुठीमुठीनं बारूद पसरली. वाडगा रिकामा झाला, तरी ती आत गेली नाही. दारात ग्लेन उभा होता. तो ऐकेल याची तिला पर्वा वाटली नाही.

"डॅड," ती मोठ्यानं म्हणाली, "मला तुझीच काडतुसं हवी होती."