तानाबाईची वेणी

पुराचं पाणी घरात शिरलं तवा लोकायनं गव्हाची पोती वाचवली, म्या फण्यांची थैली वाचवली. वरवट बकालच्या बजारात फण्या, पिना, तेल इकणारी बाई मी, दुसरं काय उचलीन? शाळेत आसऱ्याले आलो तर सरपंच किसनराव हासला. "कलाबाई, आता फण्या शिजवता का?"

"शिजवीन नाई तर पुरून ठेवीन," म्या म्हटलं. "तुमच्या टकलाले काय करायचं हाय?"

पण हासण्यासारखं काईच नवतं. तानाबाईचा नवरा इंद्रभान गुरं सोडाले गेलता, तो परत आलाच नाई. तीन दिस ते भिताडाले पाठ लावून बसून होती, केसात गाळ तसाच वाळलेला.

चौथ्या दिशी सकाळी सरपंचाले दवाखान्यातून फोन आला. एक माणूस काटेरी झुडपात अडकलेला सापडला, जिता हाय, पण डोक्याले मार हाय. नाव सांगत नाई, कोणाले वळखत नाई, सलाईन उपटून फेकते. तुमच्या गावचा कोणी हरवला असंन तर घरचं माणूस पाठवा.

दवाखान्यात न्याले जीप शाळेच्या फाटकात उभी राह्यली. तानाबाई उठली ते थेट माह्याजवळ आली. म्हणे, "वेणी घालून दे."

तिची जाऊ सुवर्णा फणकारली, "नवरा तिकडं मराले टेकला अन् हिले नटणं सुचून राह्यलं."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. माहं डोस्कं तापलं. "थांब म्हणा त्याले. तीन दिस कोणी फिरकलं नाई, आता दहा मिनिटं जड झाले का?"

गाळाची ढेकळं निघाली. दोन फण्यांचे दात मोडले, तेलाची अर्धी बाटली गेली. तानाबाई ताठ बसून होती. हळूच म्हणे, "त्यायनं मले अशी कधी पाह्यलीच नाई. वळखतीन कशे?"

मंग सुवर्णानंच पदर ओला करून तानाबाईचं तोंड पुसलं.

मीबी जीपमंदी बसली. दवाखान्यात तो माणूस भिताडाकडं तोंड करून पडलेला. चेहरा इतका सुजलेला का मले तर तो इंद्रभान वाटलाच नाई. तानाबाई खाटीच्या कडेले बसली. त्यानं मान वळवली. लय वेळ पाहात राह्यला.

"तानी," तो म्हणे, "जेवली का तू?"

"नाई," ते म्हणे, अन् तीन दिसांचं रडू तिले एकदम फुटलं. नर्सबाई धावत आली. म्या तिले दारातच अडवलं.

"राहू द्या," म्हटलं, "आता काई भेव नाई."