जंतूंवरची पैज

सूनबाईनं बियाण्याला जंतू लावायचे ठरवले आणि सासरेबुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जन्मभर मी जंतू मारायची औषधं फवारली," ते गरजले, "आणि तू ते आणून रानात सोडणार?"

"हे चांगले असतात, बाबा. मुळांवर गाठी करून राहतात. हवेतला नायट्रोजन ओढून रोपाला खाऊ घालतात."

"फुकट?"

"रोप त्यांना साखर देतं."

"म्हणजे भाडेकरूच की! माझ्या रानात भाडेकरू नकोत."

सूनबाई बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करायची, पण घरच्या रानात तिला विचारतो कोण? शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. या मातीत सोयाबीन पहिल्यांदाच पेरायचं होतं. बांधाच्या अलीकडचं सुनेनं पेरावं, पलीकडचं सासऱ्यानं. सुनेचं पीक सरस निघालं तर पुढच्या वर्षापासून पेरणीचा हुकूम तिचा, नाहीतर आहे तसाच सासऱ्याचा.

पेरणीआधी सूनबाईनं शेडमध्ये साखरेच्या पाण्यात पाकिटातली जंतूंची काळी भुकटी कालवली, हलक्या हातानं दाण्यांना लावली आणि बियाणं सावलीत पसरलं. "उन्हात मरतील बिचारे," म्हणत वर कापड टाकलं. सासरेबुवा दारात नाक मुरडत उभे होते, पण नजर एकेका हालचालीवर. पोरीच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. पेरणी हातची गेली, तर या घरात आपल्याला विचारणार कोण?

ती जेवायला गेली आणि सासरेबुवांनी उरलेलं पाकीट लांबवलं. पंपाच्या खोलीत आतून कडी लावून त्यांनी आपलं बियाणं माखलं, सावलीत वाळवलं, वर कापडसुद्धा टाकलं. हात काळेकुट्ट झाले. "पंपाचं ऑइल आहे," असं त्यांनी बायकोला, तिनं काही विचारायच्या आतच सांगून टाकलं.

पीक फुलावर आलं. बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखंच हिरवंगार. सासरेबुवांनी मिशीवर ताव दिला.

"जंतू घालून एवढंच, न घालता एवढंच. मग घालायचे कशाला?"

सूनबाईचा चेहरा पडला. ती बांधावरच बसली. "माझंच काहीतरी चुकलं. घरच्या रानात जमेना, तर लोकांना कुठल्या तोंडानं सांगू? सोडते ती नोकरी."

सासरेबुवांना वाटलं होतं, आता जोरदार भांडण होईल. ती अशी खचलेली त्यांना बघवेना. ते पलीकडे गेले, आपल्या बाजूचं एक रोप मातीसकट उपटलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

मुळांवर टपोऱ्या गाठीच गाठी. तिनं एक नखानं फोडली. आत गुलाबी, म्हणजे जंतू जिवंत आणि कामाला लागलेले.

"बाबा, या मातीत या गाठी आपोआप येत नाहीत."

"नाही येत."

"पाकीट तुम्ही घेतलंत?"

"घेतलं."

"आणि मला खोटं पाडलंत!" ती ताडकन उठली. "काडीचाही विश्वास नव्हता ना माझ्यावर?"

"विश्वास नसता तर चोरलं कशाला असतं?" सासरेबुवा मान खाली घालून म्हणाले. "तूच जिंकणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पोरी."

सूनबाईला रागवावं की हसावं कळेना. तिनं दोन्ही बाजूंचं एकेक रोप उपटून मुळं ताडून पाहिली.

"पेरणी माझी," ती म्हणाली.

"तुझी."

"पण बियाण्याला जंतू तुम्हीच लावायचे. माझ्यापेक्षा तुमचा हात चांगला बसलाय."

सासरेबुवांनी घसा खाकरला आणि जमेल तेवढा रुबाब गोळा केला.

"बघू. वेळ असला तर."