एकशे चाळीस ग्रॅम

कारखान्यात त्यांना सगळे ग्रॅमकाका म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की ग्रॅमकाका. खिशात छोटा वजनकाटा घेऊन फिरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? समोर आलेली वस्तू आधी तळहातावर तोलायची, मग काट्यावर ठेवायची आणि मग तिचं वजन जगाला सांगायचं, जगाने विचारलेलं नसलं तरी. मुलगी झाली तेव्हा बाळाचं वजन सांगणाऱ्या नर्सला त्यांनी काटा शेवटचा कधी तपासला होता ते विचारलं होतं. बायको तिथेच खाटेवर पडून होती. तिला कसं वाटतंय हे विचारायचं मात्र राहून गेलं. ते पुढची एकोणीस वर्षं राहिलंच.

कंपनी लॅपटॉप बनवायची. दणकट, बेताच्या किमतीचे, शाळांना आणि कचेऱ्यांना घाऊक जाणारे. मुलगी कॉलेजात गेली तेव्हा तिने बाजारातला तो नावाजलेला, सडपातळ, महागडा लॅपटॉप मागितला. ग्रॅमकाकांनी तिला तासभर समजावलं की त्या किमतीतला निम्मा भाग नुसत्या नावाचा असतो, आणि आपल्या कंपनीचा आणून दिला. आठवड्याभरात तिने झाकणावरच्या चिन्हावर मांजराचं भलंमोठं चित्र चिकटवलं. पोरीला मांजरं आवडतात म्हणून बाप खूश झाला. पोरीला मांजर नजरेसमोर नको असतं, हे आईला ठाऊक होतं, पण ती बोलली नाही.

आता निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि ग्रॅमकाकांच्या हातात शेवटचं यंत्र होतं. दोन वर्षं त्यांनी त्या एका लॅपटॉपवर घातली होती. स्क्रू आखूड केले, आतल्या पट्ट्या पोखरल्या, चौकटीचा धातू बदलला, आणि ताकद तसूभरही न घटवता एकशे चाळीस ग्रॅम वजन उतरवलं. बिजागरी अशी बसवली की एका बोटाने झाकण उघडावं आणि खालचा भाग टेबलावरून हलूही नये. ती बिजागरी तीस हजार वेळा उघडमीट करून तपासली होती. त्या बिजागरीचं आख्यान घरी रोज जेवताना चालायचं. बायको वाढत असायची आणि हे बोलत असायचे. तिने मध्येच काही सांगितलं तर हे मान डोलवत आणि पुन्हा बिजागरीवर येत.

यंत्र तयार झालं आणि नेमका तेव्हाच नवा विक्रीसाहेब आला. हा आधी महागड्या लॅपटॉपच्या दुकानांत वाढलेला. त्याने ग्रॅमकाकांचं यंत्र दोन बोटांनी उचललं आणि मेलेला उंदीर ठेवावा तसं खाली ठेवलं. म्हणाला, यंत्र उत्तम आहे, फक्त हाताला स्वस्त लागतं. कळफलकाखाली एक पोलादी पत्रा चिकटवा, बाकी काही बदलू नका, मी हेच दुप्पट किमतीला विकून दाखवतो. पत्र्याचा खर्च एका कप चहाहून कमी.

ग्रॅमकाकांच्या अंगाची लाहीलाही झाली. त्यांनी त्या नावाजलेल्या कंपनीचा लॅपटॉप आणून सगळ्यांसमोर उघडला. तोच प्रोसेसर, तीच मेमरी, पडदासुद्धा त्याच कारखान्यातला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं ते दोनदा म्हणाले. विक्रीसाहेब शांतपणे ऐकत राहिला आणि मग त्याने एवढंच विचारलं, की हे सगळं ठीक, पण गिऱ्हाईक दुकानात स्क्रूड्रायव्हर घेऊन येतं का? बैठकीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते ग्रॅमकाकांच्याच हाताखाली शिकलेले दोघे इंजिनिअर.

शेवटी कंपनीच्या मालकीणबाईंनी निकाल दिला, म्हणजे निकाल लोकांवर सोपवला. दहा माणसं बोलवायची. त्यांच्यापुढे दोन सारखी यंत्रं ठेवायची, कुणावरच नाव नाही. पांढऱ्या ठिपक्याचं जसं आहे तसं, निळ्या ठिपक्याचं पत्रा घातलेलं. यातलं एक दुप्पट किमतीचं आहे, तर ते कुठलं आणि तुम्ही कुठलं घ्याल, एवढंच विचारायचं. सात जणांनी निळं निवडलं तर पत्रा बसेल. एक जरी कमी पडला तर ग्रॅमकाकांचं यंत्र जसंच्या तसं, बेताच्या किमतीला बाजारात जाईल.

चाचणी घेणाऱ्या संस्थेची जागा एका कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. खोलीत टेबल, खुर्च्या, टेबलावर दोन यंत्रं आणि समोरच्या भिंतीवर मोठा आरसा. आरशामागे अंधारी खोली. तिथून पलीकडचं सगळं दिसे, ऐकूही येई. तिथे तिघं बसले: मध्ये मालकीणबाई, एका बाजूला विक्रीसाहेब बिस्किटांची बशी घेऊन, दुसऱ्या बाजूला ग्रॅमकाका. प्रश्न विचारायला संस्थेची एक गोड बोलणारी मुलगी होती. तिने आधी नियम वाचून दाखवले. कंपनीतल्या कुणाचा नातेवाईक चालणार नाही, तशी प्रत्येकाकडून सही घेतली आहे, आणि तरी कुणी निघालाच तर त्याचं मत बाद.

पहिला आला तो दातांचा डॉक्टर. त्याने दोन्ही उचलून पाहिली आणि निळ्यावर टिचकी मारली. म्हणाला, याच्यात काहीतरी आहे. ग्रॅमकाका काचेमागे पुटपुटले की पत्रा आहे. मग एक शिक्षिका आली. तिचा खांदा दुखायचा, तिने पांढरं घेतलं, पण महागाचं कुठलं विचारल्यावर तीही बिनदिक्कत निळ्याकडे बोट दाखवून मोकळी झाली. एक विमा एजंट तर म्हणाला की पांढऱ्याची बिजागरी जरा लेचीपेची वाटते. बिजागरी दोन्हींची एकच होती. विक्रीसाहेबाने ग्रॅमकाकांपुढे बिस्किटांची बशी धरली.

नऊ जण होऊन गेले तेव्हा निळी सहा आणि पांढरी तीन होती. सगळं दहाव्या माणसावर आलं. ग्रॅमकाका खुर्चीच्या कडेला सरकले. दार उघडलं आणि त्यांची बायको आत आली.

ती बाहेर जाताना नेसायची तीच करड्या रंगाची साडी, तीच जुनी पर्स. शेजारीणबाई अशा चाचण्यांना जात, बक्षिसाचं पाकीट मिळतं म्हणत, हे तिने कधीतरी जेवताना सांगितलं होतं. तेव्हा बिजागरीचं चाललं होतं. ग्रॅमकाका खुर्चीतून अर्धे उठले. मालकीणबाईंनी वळून पाहिलं. त्या त्यांच्या बायकोला कधी भेटल्या नव्हत्या, कारण ग्रॅमकाकांनी तिला कंपनीच्या कुठल्याच समारंभाला आणलं नव्हतं.

आधी त्यांना आनंदच झाला, हे सांगायलाच हवं. सुटलो, असं वाटलं. नुसतं बोलायचा अवकाश, की मत बाद आणि यंत्र वाचलं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पलीकडे बायकोने पांढऱ्या ठिपक्याचं झाकण एका बोटाने उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि बोलायला लागली.

"हे चांगलं आहे हो. काम करेल, कुरकुर करणार नाही, वर्षानुवर्षं टिकेल. पण याला जास्त पैसे कोण देणार? आमच्या घरी एक असंच आहे."

"लॅपटॉप?" संस्थेच्या मुलीने विचारलं.

"नवरा."

मुलगी खुदकन हसली. आरशामागे विक्रीसाहेबाच्या तोंडातलं बिस्कीट उडालं.

"चोवीस वर्षं झाली," बायको सांगत होती, "बिघाड म्हणून नाही. पण घरात आहे का नाही, हे उचलूनच बघावं लागतं. चार माणसांत ठेवला तर कुणी विचारणार नाही, की कुठून आणला. मीसुद्धा आणला नव्हता. वडिलांनी पदरात घातला, परवडला म्हणून."

विक्रीसाहेब पोट धरून हसत होता. मालकीणबाई सहसा हसत नसत, त्याही डोळे पुसत म्हणाल्या, बिचारा कोण असेल तो. आणि हसणाऱ्या दोघांमध्ये न हसणारा एकटा उठून दिसतो, म्हणून ग्रॅमकाकाही हसले. हसताना त्यांच्या घशातून भलताच आवाज निघाला. मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्ही मघाशी उठलात. ओळखीच्या आहेत का?"

आता हो म्हणायचं तर तो नवरा आपण, हे या दोघांच्या समोर कबूल करायचं. संध्याकाळपर्यंत ते कारखान्यात पसरणार, आणि उरलेले सहा महिने ते दोघे इंजिनिअर आपल्याला उचलून बघणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"नाही," ग्रॅमकाका म्हणाले. "पाय आखडला होता."

पलीकडे मुलीने शेवटचं विचारलं, मग कुठलं घ्याल. बायकोने लगेच उत्तर दिलं नाही. सांगायची घाई आहे का, असं तिनेच विचारलं. मुलगी म्हणाली, छे, सावकाश सांगा. बायकोने पर्स मांडीवर घेतली आणि ती आरशात पाहत बसून राहिली. केस नीट केले, पदर सारखा केला आणि पुन्हा पाहत राहिली. बायकांना आरसा दिसला की वेळेचं भान राहत नाही, असं विक्रीसाहेब म्हणाला. चांगली दोन मिनिटं गेली. मग तिने निळ्यावर हात ठेवला.

पुढचं सगळं झटपट झालं. मालकीणबाईंनी किंमत दुप्पट करायला मान्यता दिली. नवऱ्याबद्दलचं ते बोलणं थोडं फिरवून जाहिरातीत घ्यायचं ठरलं. विक्रीसाहेबाने मोठ्या मनाने ग्रॅमकाकांच्या खांद्यावर हात टाकला आणि पत्रा किती ग्रॅमचा घालू या, हे तुमच्याइतकं कोण सांगणार, असं म्हणाला. निळ्यातला पत्रा घाईघाईत घातलेला, साठ ग्रॅमचा होता. ग्रॅमकाकांनी कागद ओढला आणि लिहून दिलं. घालायचाच तर पुरा घाला, म्हणाले.

संध्याकाळी घरी जेवायला बसले तेव्हा लेक मैत्रिणीकडे गेली होती. टेबलावर बक्षिसाचं पाकीट पडलं होतं, न उघडलेलं. बायकोने वाढलं आणि समोर बसली. आज पहिल्यांदाच जेवताना शांतता होती. ग्रॅमकाकांनी ठरवलं होतं की आपण होऊन विषय काढायचा नाही, पण अपमान पोटात मावत नव्हता.

"दोन्ही यंत्रं एकच होती," ते म्हणाले. "एकात नुसता पत्रा होता. तू पत्र्याला भुललीस."

"मला माहीत आहे," बायको म्हणाली.

त्यांचा घास हातातच राहिला.

"दोन वर्षं रोज ऐकते आहे. एका बोटाने झाकण उघडलं आणि खालचा भाग हलला नाही. डोळे बांधले असते तरी ओळखलं असतं. सही तर आधीच करून बसले होते, कंपनीचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं. आणि भिंतभर आरसा कशाला लावतात, हे शेजारीणबाईंनी सांगितलं होतं. तुमचं यंत्र तिथे, म्हणजे तुम्ही मागे असणारच."

"मग ते सगळं मला ऐकवायला बोललीस?"

"घरी बोलले तर ऐकू जातं का?"

ग्रॅमकाका संतापले. म्हणाले, चार माणसांत अब्रू घालवलीस, वर यंत्रही घालवलंस. तुझ्या एका मतावर सगळं अडलं होतं. ते म्हणत राहिले आणि ती ऐकत राहिली, रोजच्यासारखी. मग तिने त्यांच्या ताटात आणखी वाढलं.

"मत एकटं माझ्या हातात नव्हतं," ती म्हणाली. "नातेवाईकाचं मत बाद, असं त्या मुलीने मलाही वाचून दाखवलं होतं. तुम्ही तिथे आहात हे कळल्यावर मी म्हटलं, आज याला बाहेर यावंच लागेल. माझ्यावर चिडून येईल, चार शिव्या देईल, पण येईल आणि म्हणेल, की ही माझी बायको आहे. थांबले होते ना मी? किती वेळ थांबले, ते मोजलं असेल तुम्ही."

ग्रॅमकाकांनी मोजलं होतं. दोन मिनिटं दहा सेकंद.

"माझ्यासाठी तुम्ही उठला नसता, ते ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, यंत्रासाठी तरी उठाल."

नळाचा थेंब भांड्यात पडत होता. मग तिने साध्या आवाजात विचारलं, की मग आता पत्रा किती ग्रॅमचा ठरला.

"एकशे चाळीस."

"म्हणजे होतं तेवढंच झालं," असं म्हणून तिने आपलं ताट उचललं, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि ती भांडी घासायला गेली.