चारशे दहा किलोंचा पोपट

मी एक जुनी रांग आहे. दुकानापुढची नव्हे, मित्रांनो, संगणकातली. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं मला अ‍ॅरे म्हणतात.

जनावरांच्या दवाखान्यातल्या संगणकात डॉक्टरांच्या भाचीनं आम्हा तिघी बहिणींना घडवलं. थोरलीच्या खणांत प्राण्यांची नावं, माझ्या खणांत वजनं, धाकटीच्या खणांत दुखणी. आमची एकमेकींशी बोलाचाली नव्हती. खणाचा क्रमांक सारखा, एवढंच काय ते नातं. तरी कित्येक वर्षं आम्ही बिनचूक काम केलं. "गुणी आहेत हो!" असं डॉक्टर एकदा म्हणाले. मी तेव्हा फुगले असते, पण माझे खण ठरावीक होते.

एके दिवशी मुक्कामाला तिघंच होते. पहिल्या खणात वकील नावाचा पोपट, दुसऱ्यात कापूस नावाचा ससा, तिसऱ्यात ढग नावाचा बैल. डॉक्टर म्हणाले, "नावं वर्णमालेप्रमाणे लाव गं." भाचीनं लावली. कापूस, ढग, वकील. पण हलवली फक्त थोरली. मी आणि धाकटी जागच्या जागी. आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही.

थोड्या वेळानं कंपाउंडरकाका बादली घेऊन पिंजऱ्यापाशी आले. पोपटाला घेऊन आलेली मावशी शेजारीच बसली होती.

"हे काय?"

"वकिलाचं औषध."

"प्यायला की पोहायला?"

"वजन चारशे दहा किलो, शिंगाला जखम. पडद्यावर आहे तसं."

"आधी शिंग दाखवा, मग पाजा!"

काकांनी खरोखरच पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. मग खाली बसले आणि घाम पुसला. त्या बादलीतला एक चमचासुद्धा सर्दी झालेल्या त्या जीवाला जगातून उठवायला पुरेसा होता. तिकडे ढगाच्या गोठ्यात पाठवायला सशाच्या मापाचे थेंब तयार होते.

भाची धावत आली. पडदा पाहून म्हणाली, "चूक माझी आहे, मावशी. नावं हलवली, बाकीचं विसरले."

"पुन्हा विसरलीस तर?"

"विसरताच येणार नाही, असं करते."

तिनं प्रत्येक प्राण्याला एकेक रेकॉर्ड दिलं. म्हणजे डबीच समजा. नाव, वजन, दुखणं एकत्र. डबी कुठंही हलवा, आतलं सगळं बरोबर जातं. मग तिनं तिघांनाही पुन्हा तोलून माझे खण रिकामे केले. एकशेवीस ग्रॅम वकिलाच्या डबीत गेले. इतके दिवस ते वजन मी सांभाळलं, पण ते कोणाचं, हे मला कधीच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. एकाच जीवाच्या गोष्टी तीन ठिकाणी ठेवू नका, एवढंच मागणं. आता मला पुसायला घेतलंय. पिंजऱ्यापाशी काका एक थेंब मोजताहेत, आणि मावशी तोही दोनदा मोजायला लावते आहे.