केसाएवढी शिरोरेघ

थोरली कागदावर अक्षरं काढायची आणि धाकटी ती संगणकावर चढवायची. पंधरा वर्षं दोघी बहिणींचं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून असंच चाललं होतं. त्यातली सहा वर्षं थोरलीने एकाच टाइपावर, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या एकाच वळणावर घालवली. काना असा दणदणीत की रस्त्यापलीकडून नजरेत भरावा, आणि शिरोरेघ मात्र केसाएवढी. मोठमोठ्या मथळ्यांसाठीच होता तो.

"ताई, आता सोड की बाहेर," धाकटी म्हणायची.

"'ळ' अजून मनासारखा बसला नाही. थांब जरा."

एक दिवस थोरली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला गेली. बाकावर एक नवं मासिक पडलं होतं आणि त्याचं नाव तिच्याच अक्षरांत छापलं होतं. आधी तिला हसूच आलं, म्हटलं नंबर फारच वाढला वाटतं. मग आत पानाच्या तळाशी बारीक ओळ दिसली. मथळ्याचा टाइप कोणाचा, तर धाकटीचा. एकटीचा.

डोळे न तपासताच ती परत आली. अंक टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

धाकटीने खुर्ची वळवली नाही. "सांगणार होते."

"कधी?"

"तू कधी पूर्ण करणार होतीस, ते सांग आधी. त्यांना याच महिन्यात हवा होता."

"आणि माझं नाव?"

"करारावर सही करणाऱ्याचंच नाव घालतात ते. तू केली असतीस सही?"

केली नसती, हे दोघींना ठाऊक होतं.

"विचारलं तरी असतंस गं," थोरली म्हणाली. मान खाली घालून ती अंकाकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं. "रेघ जाड केलीस तू."

"किंचित. छापताना तुटायची. दहादा सांगितलं होतं तुला."

थोरलीने भिंग घेतलं. रेघ कुठेच तुटली नव्हती. 'ळ'सुद्धा ऐटीत बसला होता. धाकटीचं बरोबर होतं, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. नुसतं चोरलं असतं तर कडकडून भांडता तरी आलं असतं.

त्याच आठवड्यात तिने आपलं टेबल उचलून बाजारातल्या एका खोलीत नेलं. पुढच्या अंकात चूकदुरुस्ती आली. दोघींची नावं होती, थोरलीचं दुसरं.

महिन्याभराने धाकटीचा फोन आला. "ताई, 'क्ष'वर अडलंय. मधली गाठ शाईने भरून काळीकुट्ट दिसतेय. येतेस?"

गाठ कुठे मोकळी करायची ते थोरलीला न बघताही कळलं होतं. शब्द ओठांवर आले होते.

"तुझा टाइप आहे. तूच बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर बरेच दिवस ती दुकानांच्या पाट्याच रंगवत राहिली, सगळ्या एकाच जाडीच्या साध्या अक्षरांत.