बोटभर बाहेर

सासऱ्यांचं मोजमाप म्हणजे दगडावरची रेघ, असं त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सगळेच मानत, आणि सून तर सगळ्यांत जास्त. गुडघे तपासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तिला त्यांनीच शिकवलं होतं. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, गुडघ्याच्या वाटीचा मध्य आणि वाटीखाली नडगीवरचा उंचवटा, तिन्ही जागा अंगठ्यानं चाचपून पेनानं ठिपके द्यायचे, ते जोडून वाटीपाशी होणारा कोन मोजायचा. मग ठिपके पुसून दुसऱ्यानं, पहिला आकडा न विचारता, पुन्हा मोजायचा. घरात ते बाबा, इथे सर. तोही नियम त्यांचाच.

टेबलावर पडलेली मुलगी शर्यतीत धावणारी. उजवी वाटी दोनदा सरकलेली, बाकीच्या तपासण्या काठावर. कोन वीस अंशांच्या वर निघाला तर चिठ्ठी थेट ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे, आणि धावणं बंद. बिचारी जीव मुठीत धरून छताकडे बघत होती.

सरांनी आकडा लिहून कागद पालथा ठेवला, ठिपके पुसले. खालचा मात्र अर्धवटच पुसला गेला. सुनेनं तिथे अंगठा ठेवला. ठिपका उंचवट्यापासून बोटभर बाहेर होता.

तिनं दोनदा मोजलं. सोळा. ठिपका इतका बाहेर म्हणजे सरांचा आकडा मोठाच असणार; बावीस-तेवीस म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? मनात हे आलं याचाच तिला राग आला.

"सर, सोळा."

त्यांनी कागद उलटला. पंचवीस.

"पाऊल वळलं असेल तिचं."

"पाऊल सरळ होतं, सर. खालचा ठिपका बाहेर पडलाय."

ते पुढे आले. अंगठा नडगीवर फिरवत राहिले. तिनं तो धरून नेमक्या जागी ठेवला.

"लागत नाही गं हाताला," ते अगदी हळू म्हणाले. "सहा महिने झाले. अंगठा बधिर आहे."

सहा महिन्यांत किती गुडघे!

त्यांनी पंचवीस खोडून सोळा लिहिलं आणि सही तिला करायला लावली. "ऑपरेशन नको," ते मुलीला म्हणाले. "मांडीचे व्यायाम कर. मग धाव." मुलगी रडायलाच लागली.

मग त्यांनी कपाट उघडलं. "सहा महिन्यांचे सगळे कागद काढ. एकेकाला परत बोलवायचं. चूक माझी होती, हे मी सांगेन. मोजायचं तू."

"हो, बाबा," ती म्हणाली. त्यांनी तिला टोकलं नाही.